अंगठ्याची सवय

पतसंस्थेचं कर्ज काढून कोल्हापूरहून आणला.
बसमध्ये मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो,
कोगनोळीचा नाका कधी गेला कळलं नाही.
खोक्यात चार्जर, पट्टा, एक जाडं पुस्तक,
आणि मेनूत भाषाच भाषा :
जपानी, रशियन, पोर्तुगीज...
मराठी नाही. कन्नड नाही.
म्हटलं, चला, निदान याच्यात तरी
आमचं भांडण कुणी भरलेलं नाही.

दुकानाच्या पाटीवर दोन्ही आहेत.
वर मोठ्या कन्नडात, खाली मराठीत
चंद्रप्रभा फोटो स्टुडिओ,
आणि दोन्हीकडं 'फो'चाच रंग उडालाय.

छत्तीसाचा आकडा लोकांत भांडणाचा,
माझ्या घरात भाकरीचा.
छत्तीसात अख्खं लग्न बसवायचं,
अक्षता सात, पंगत चार,
रुसलेल्या मावशीसाठी एक राखीव.
रोल जपून घातला तर सदतिसावा निघायचा,
कधी अडतिसावाही. तो माझा.
त्यात मी चपलांचा ढीग काढायचो,
मांडवाचा खांब,
एकदा सनईवर डोकं टेकून झोपलेला वाजंत्री.

संध्याकाळी रोल पाकिटात घालून
रुद्रगौडा कंडक्टरच्या हातात.
कर्नाटकच्या गाडीनं माणसं जायची, न उमटलेली,
तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या गाडीनं
रंगीत होऊन परत यायची.
मधले दोन दिवस
मला काही म्हणजे काही माहीत नसायचं.
"बरे आलेत का?" गिऱ्हाईक विचारायचं.
"झक्कास," मी म्हणायचो,
आणि रात्रभर कूस बदलायचो.

आता लगेच दिसतं.
परवा विडी कामगारांच्या कार्डाचे फोटो होते.
सोनाक्का स्टुलावर, पदर कानामागं घेऊन.
खट्.
आणि माझा अंगठा आपोआप उजवीकडं गेला.
तिथं लिव्हर नाही. गुळगुळीत काळं रबर.
अंगठा हवेत वळला, परत आला.
सोनाक्कानं पाहिलं.
तिचाही अंगठा मांडीवर चालूच होता,
विडीचं तोंड मिटत,
पान नसताना, सूत नसताना.
चाळीस वर्षं, रोज हजार.

"दाव की," म्हणाली.
स्क्रीनवर ती, डोळे मिटलेली.
"ही नको. पूस."
पुसली.
रोलवर असती तर राहिली असती.
कधीतरी पट्टी दोन बोटांत धरून
ट्यूबलाइटसमोर बघितली असती :
पांढरे केस काळे, कुंकवाच्या जागी उजेड,
आणि ते मिटलेले डोळे.
बसल्या जागी डोळे मिटायला
तिला दिवसा कधी मिळालं असेल?
हे बटण दाबून झाल्यावर सुचलं.

"किती निघतात ह्यातनं?"
"चारशे."
"मग दर कमी कर की."

उठताना तिनं हात पुढं केला, नेहमीसारखा.
रोलची रिकामी डबी लागते तिला, मिसरीला.
काळी, करड्या झाकणाची,
कमरेच्या पिशवीत बसते, मिसरी सादळत नाही.
निपाणीतल्या निम्म्या कमरांना माझ्या डब्या आहेत.
मी कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं.
तिनं उलटंपालटं केलं, वास घेतला.
"आणि सगळी माणसं ह्यातच?"
"सगळी."
"मिसरी मावायची न्हाई," म्हणाली,
परत दिलं.

ड्रॉवरमध्ये शेवटची एक डबी होती, भरलेली.
रोल काढून ठेवला, डबी दिली.
तो बसलाय आता चार्जरशेजारी
जीभ बाहेर काढून.

दुसरा झेनिटमध्ये आहे, एकतीसवर थांबलेला.
रुद्रगौडा रिटायर झाला.
पाच उरलेत.
जपून घातला होता, सहाही निघतील.